नियम काउंटरवर नकोत, तिकिटाबरोबरच सांगा

आकासा एअरने नोव्हेंबर २०२२पासून कुत्र्या-मांजरांना केबिनमध्ये प्रवेश दिला, एअर इंडियातही ती सोय आहे; इंडिगो मात्र सेवा-श्वान (अपंगांना मदत करणारे प्रशिक्षित कुत्रे) वगळता त्यांना घेत नाही. वजनमर्यादा पिंजऱ्यासकट मोजतात, हे तर अनेकांना विमानतळावरच कळते. रेबीजच्या लसीची नोंद आणि पशुवैद्यकाचा दाखला हातात असूनही आमच्या मांजरीला ऐनवेळी सामानकक्षात टाकायला सांगितले गेले. पिंजऱ्याच्या कोपऱ्यात अंग चोरून ती थरथरत होती. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर सामानकक्षात श्वास घेणेही जड जाते. वजन, पिंजऱ्याचे माप आणि शुल्क तिकीट काढतानाच ठळकपणे दाखवणे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने सर्व कंपन्यांना बंधनकारक करावे.

– एक प्राणिप्रेमी वाचक, ठाणे