ओटा झाला एकदाचा

तीर्थरूप आई-बाबा,
सा. न. वि. वि. (आई हसू नकोस, शाळेतल्या पत्रलेखनातलं एवढंच लक्षात राहिलंय.)

फोनवर सांगायला घेतलं की छोटू फोन पळवतो, मोठी त्याच्या मागे, आणि तुम्हाला निम्मा वेळ आमच्या छताचं दर्शन, म्हणून म्हटलं एकदा नीट टाइपच करून पाठवते. दोघं झोपलीयत, जावईबापू ऑफिसच्या कॉलवर आहेत. बाबा, चष्मा लावा आणि आईला मोठ्याने वाचून दाखवा.

तर ओटा झाला. पाच आठवडे लागले पण झाला.

आई तू मागे विचारलंस ना, भाड्याच्या घरात स्वतःच्या खर्चाने किचन कशाला करताय, मालकाला सांगा की. अगं इथे श्टुटगार्टलाच काय, सगळ्या जर्मनीत असंच आहे, घर भाड्याने मिळतं ते बऱ्याचदा साफ रिकामं. किचन म्हणजे फक्त एक खोली, भिंतीतून बाहेर आलेले दोन नळाचे कॉक आणि शेगडीसाठीची जाड वायर. आधीचा भाडेकरू सिंक, कपाटं, शेगडी, ओटा सगळं सोबत घेऊन जातो, बल्बसुद्धा! आम्ही चावी घेऊन आत गेलो तर प्रत्येक खोलीत छताला नुसत्या वायरी लोंबत होत्या, मोठी म्हणाली आई इथे चोर येऊन गेले का.

शोरूममध्ये जाऊन आलो, फिटिंगसकट साडेसात हजार युरो आणि आठ आठवडे थांबा. बाबा, रुपयात करू नका, मी केलं होतं आणि रात्रभर झोप नाही लागली. मग एका रिटायर्ड जोडप्याचं जुनं किचन ४५० ला मिळालं, अट एकच की शनिवारी तुमचं तुम्ही येऊन उचकटून न्या. पोरांना एका मैत्रिणीकडे ठेवलं, व्हॅन भाड्याने घेतली, प्रत्येक कपाटाचा आधी फोटो, मग त्यावर चिकटपट्टी लावून नंबर, मग स्क्रू काढायचे, आणि संध्याकाळी सहाच्या आत व्हॅन परत. ते आजोबा शेजारी उभे राहून प्रत्येक फळी कुठे जाते ते सांगत होते, मला तर बाबा तुमचीच आठवण येत होती. त्यांनी बिजागऱ्यांचे जादा स्क्रूसुद्धा डब्यात जपून ठेवले होते.

खरी मजा घरी आल्यावर. इथे रविवारी ड्रिल चालवायचं नाही. रात्री दहा ते सकाळी सहा नाही. आमच्या बिल्डिंगच्या नियमात दुपारी एक ते तीन पण नाही. आणि छोटू साडेबाराला झोपतो. म्हणजे आठवड्यातून एकदा, शनिवारी दहा ते साडेबारा, एवढाच आपला मुहूर्त, त्यातही एकाने पोरं बाहेर न्यायची आणि एकाने भोकं पाडायची. त्यात भर खालच्या मजल्यावरच्या आजींची! इथे जिना झाडायची पाळी असते प्रत्येक घराची, आठवडाभर दाराला पाटी लटकते की या आठवड्यात तुम्ही, आणि नेमक्या आमच्या पाळीच्या आठवड्यात भिंतीची सगळी धूळ जिन्यावर. आजींनी कठड्यावरून बोट फिरवलं आणि ते बोट मला दाखवलं. एक अक्षर बोलल्या नाहीत. मी दुसऱ्या दिवशी नारळाच्या वड्या नेऊन दिल्या तेव्हा मिटलं.

भिंतीचं तर विचारू नका. बिल्डिंग शंभर वर्षांच्या वरची, विटा आणि चुन्याचा गिलावा, आठ मिलिमीटरचं भोक पाडायला गेलो तर अंगठा जाईल एवढं खिंडार. सगळा गिलावा भुरभुर खाली. शेवटी लांबवाले प्लग आणले, विटेत खोलवर जाणारे, आणि वरची कपाटं एका लोखंडी पट्टीवर अडकवली. वायरचं बाबा तुम्ही नेहमी सांगायचात ते लक्षात ठेवलं, सॉकेटच्या सरळ वर, सरळ खाली आणि आडव्या रेषेत ड्रिल लावायचं नाही. शेजाऱ्याकडून वायर शोधायचं यंत्रही आणलं होतं पण ते कुठेही लावलं की पीं करतं, त्यामुळे तुमचा नियमच कामाला आला. दोन्ही उंच कपाटं भिंतीला पट्टीने आवळून टाकलीत, छोटू ड्रॉवर उघडून त्याची शिडी करतो आजकाल.

पोरांना काय काम द्यायचं हा एक प्रश्नच होता. मोठीला इडलीपात्र दिलं. प्रत्येक खळग्यात एका जातीचा स्क्रू, वरच्या ताटलीत लांब, खालच्यात आखूड, बिजागरीचे वेगळे. दोन तास हूं की चूं नाही. मग जावईबापू हात पुढे करून म्हणायचे "साडेतीनचा दे", आणि ती विचारायची "चटणीबरोबर की सांबारबरोबर". छोटूची मदत वेगळीच, त्याने चार बिजागऱ्या गायब केल्या. तीन सापडल्या, दोन बुटात आणि एक तांदळाच्या डब्यात. चौथीचा पत्ता नाही, म्हणून कोपऱ्यातल्या कपाटाचं दार सध्या एकाच बिजागरीवर लटकतंय.

स्वयंपाक पाच आठवडे हॉलमध्ये, एका सुट्या इंडक्शनवर, खिचडी, पिठलं, उपमा, परत खिचडी. भांडी बाथटबमध्ये गुडघ्यावर बसून. माझ्या कंबरेचं सांगत नाही, तू लगेच तेल पाठवशील.

आता जी चूक झाली ती सांगते, बाबा रागावू नका. ओट्याची नवीन फळी आणली सत्तर युरोची, कारण जुन्यात सिंक डावीकडे होतं आणि आपला नळ उजवीकडे. जावईबापूंनी सिंक उलटं ठेवून पेन्सिलने कडेकडेने गोल रेघ मारली, गुण्या लावला, सगळं अगदी व्यवस्थित, आणि मारलेल्या रेघेवरून जिगसॉने कापलं. सिंक उचलून ठेवलं तर सरळ खाली! धाडकन. अहो सिंकची कड टेकायला जागा नको का, त्या रेघेच्या आत सेंटिमीटरभर सोडून कापायचं असतं. दोघंही इंजिनियर आहोत आम्ही. पाच मिनिटं कुणी कुणाशी बोललं नाही, मग मोठी म्हणाली, मग हे आमचं सिंक. आणि झालंच तसं, त्या फळीचा भोकाकडचा तुकडा कापला, खाली दोन खोकी, भोकात स्टीलचं घमेलं, आणि बाल्कनीत त्यांची भातुकली चालू. दुसरी फळी परत सत्तरची. यावेळी भोकाच्या कापलेल्या कडांना सगळीकडून सिलिकॉन फासलं, कारण आत भुसाच असतो, पाणी लागलं की पापडासारखा फुगतो. भिंतीकडच्या सिलिकॉनवर दर वीतभर अंतरावर एक बारीक खड्डा दिसेल तुम्हाला. छोटूचं बोट. तसेच ठेवलेत.

पण आई, मुख्य सांगायचंय ते हे. इथे ओटा ९१ सेंटिमीटर असतो साधारण. कपाट ७२, खाली पाय १५, वर फळी ४. मी त्याच्यापुढे उभी राहिले आणि पोळी लाटायची ॲक्शन केली तर खांदे कानाला. आणि एकदम आपला मिरजेचा ओटा आठवला. गवंड्याने आपल्या मनाने उंच बांधला, वर कडप्पा बसला, आता कोण तोडणार म्हणून राहिला, आणि तू तीस वर्षं पाटावर उभी राहून पोळ्या लाटल्यास. तो पाट सरकायचा, एकदा तू पडलीस पण होतीस त्याच्यावरून, मी चौथीत असेन. आपल्यापैकी कुणाला कधी वाटलं नाही की ओटा खाली यायला हवा, सगळे म्हणायचे पाट नीट ठेव.

तर मी ते १५ चे पाय सगळे काढले आणि १० चे आणून लावले. ७२ अधिक १० अधिक ४, ८६. डिशवॉशरची धाकधूक होती, त्याचे पाय पूर्ण आत फिरवले तरी तो ८१.५ चा, आणि फळीखाली जागा ८२. बसला! अर्धा सेंटिमीटर राहिला वर, त्यात फक्त छोटूचे कागद जातात. जमीन खिडकीकडून दाराकडे दोन सेंटिमीटर उतरती आहे म्हणून प्रत्येक पाय वेगळा फिरवावा लागला, पाणसळीतला बुडबुडा मध्ये आणायला एक अख्खी संध्याकाळ गेली. जावईबापू सहा फुटांचे, त्यांना आता भांडी लावताना वाकावं लागतं, कुरकुरतात. कुरकुरू देत.

शेगडीची वायर मात्र आम्ही जोडली नाही, ती थ्री फेज, चारशे व्होल्टची, त्याला लायसनवाला इलेक्ट्रिशियनच बोलावला, वीस मिनिटांचे १३० घेतले त्याने पण त्यात घासाघीस नको. नळ आम्हीच जोडला, वॉशर विसरलो, रात्री अडीचला पाय ओले. एवढंच.

हिशोब, बाबांसाठी: किचन ४५०, व्हॅन ९०, फळ्या १४०, इलेक्ट्रिशियन १३०, पाय, प्लग, सिलिकॉन वगैरे किरकोळ ११०. एकूण ९२० युरो. ड्रिल शेजाऱ्याचं, फुकट.

व्हिसा ९० दिवसांचा मिळाला की जूनमध्ये या, तिकिटं मी बघते. आई, तू ताठ उभी राहून कोपर दुमड आणि बाबांना जमिनीपासून कोपरापर्यंत मोजायला सांग. ओटा त्याच्या खाली दहा-पंधरा सेंटिमीटर असला म्हणजे बरोबर. चप्पल काढून मोजा. आकडा आज कळवा, पाय अजून थोडे वरखाली होतात, पाय झाकणारी खालची पट्टी मी मुद्दाम बसवली नाहीये.

आणि बाबा, कोपऱ्यातलं ते दार तुमच्यासाठी ठेवलंय. तुमची लाल पेटी आणा, पण पक्कड, पटाशी वगैरे हातातल्या बॅगेत ठेवू नका, मोठ्या बॅगेत टाका.

तुमची,
ताई