केबिनला एसी मिळाला, गॅसचे काय? : केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. श्री. नितीन गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली.

विषय : अवजड वाहनांच्या केबिनमधील वातानुकूलन यंत्रणेत गॅस भरण्याच्या कामाला शिस्त लावण्याबाबत.

महोदय,

१ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या एन-२ आणि एन-३ गटांतील, म्हणजे साडेतीन टनांहून अधिक एकूण वजनाच्या, प्रत्येक मालवाहू वाहनाच्या केबिनला वातानुकूलन यंत्रणा असलीच पाहिजे, असा नियम आपल्या मंत्रालयाने डिसेंबर २०२३ मध्ये अधिसूचित केला. ज्या नागपुरात मे २०१३ मध्ये पारा ४७.९ अंशांवर गेला होता, त्या शहराच्या खासदाराला, म्हणजे आपल्याला, या नियमाची गरज कोणी समजावून सांगावी लागली नसेल. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, वाडीच्या नाक्यावर उभ्या असलेल्या ट्रकमध्ये थोडा वेळ जरी बसले, तरी समोरच्या काचेतून येणारे ऊन आणि सीटखालच्या इंजिनाची धग यांच्यामध्ये माणूस कसा भाजून निघतो ते कळते. नियम योग्यच आहे. मात्र तो कारखान्याच्या फाटकापर्यंतच पोहोचतो. गाडी रस्त्यावर आल्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यात तिची केबिन गार राहील की नाही, हे त्या यंत्रणेत गॅस कोण भरतो आणि कसा भरतो यावर ठरते, आणि त्याबद्दल नियमात काही नाही.

मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत प्रशीतन व वातानुकूलन या व्यवसायाचा शिल्प निदेशक होतो. माझे अनेक विद्यार्थी आज अमरावती रोडवर वाडीला आणि भंडारा रोडवर कापसीला गाड्यांच्या एसीची कामे करतात. त्यांच्याकडे माझे जाणे-येणे असते, म्हणून जे रोज दिसते तेच लिहितो.

दुकानावर आलेला चालक म्हणतो, 'गॅस संपला, भरून द्या.' पण एसीतला गॅस डिझेलसारखा जळून संपत नसतो. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो, आणि कमी झाला असेल तर कुठून तरी गळालेला असतो. घरातल्या फ्रिजचा कंप्रेसर डब्यात पूर्ण बंद असतो. ट्रकचा कंप्रेसर इंजिनावर पट्ट्याने फिरतो, त्याच्या शाफ्टला सील असते, आणि केबिन चेसिसपासून वेगळी हलत असल्याने मधल्या रबरी नळ्या रात्रंदिवस वाकत राहतात. उमरेड-सावनेरच्या खाणींमधून कोराडी-खापरखेड्याकडे कोळसा वाहणाऱ्या गाड्यांचा कंडेन्सर, म्हणजे गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी, तर बारीक धुळीने असा भरलेला असतो की त्यातून हवाच जात नाही, आणि मग गॅस पुरेसा असूनही केबिन तापते. अशा गाडीला गळती न शोधता गॅस भरून देणे म्हणजे पंक्चर न काढता चाकात हवा मारणे होय.

प्रत्यक्षात होते ते असे. मेकॅनिक कमी दाबाच्या बाजूचे टोपण काढतो, गेजची नळी लावतो, साडेचारशे ग्रॅमचा डबा टोचतो आणि उलटा धरतो. चालकाला रेस धरून ठेवायला सांगतो. काही मिनिटांनी कंप्रेसरकडे येणारा पाइप हाताला गार लागतो, त्याला घाम येतो, आणि 'झालं, कूलिंग आलं' म्हणून काम संपते. किती गॅस आत गेला, आधी किती होता, हे दोघांपैकी कोणालाच माहीत नसते. निर्मात्याने ठरवलेले वजन बॉनेटखालच्या पट्टीवर छापलेले असते, पण ती पट्टी बहुधा ग्रीस आणि मातीखाली गेलेली असते. गेजवरचा काटा पाहून गॅस पुरेसा आहे असे मानणारे तर बहुसंख्य आहेत. गाडी बंद असताना यंत्रणेत द्रवरूप गॅस शिल्लक आहे तोपर्यंत आतला दाब केवळ तापमानावर ठरतो. आर-१३४ए या नेहमीच्या गॅसचा ४५ अंशांना तो सुमारे दीडशे पीएसआय (दाबाचे एकक) असतो. यंत्रणेत पाव किलो असो की एक किलो, काटा तिथेच थांबतो. म्हणून हा गॅस वजनकाट्यावरच भरावा लागतो.

जास्त भरला तर भर दुपारी, नेमकी गरज असताना, दाब वाढून प्रेशर स्विच कंप्रेसर बंद करतो. कमी भरला तर नुकसान उशिरा दिसते, पण ते मोठे असते. कंप्रेसरचे वंगण गॅसबरोबर फिरते. गॅस अपुरा असला की तेल परत येत नाही आणि कंप्रेसर जाम होतो. जाम झालेल्या कंप्रेसरचा बारीक चुरा कंडेन्सरपासून एक्स्पान्शन व्हॉल्व्हपर्यंत, म्हणजे गॅसचा दाब उतरवणाऱ्या झडपेपर्यंत, सगळीकडे पसरतो आणि मालकाला जवळपास सगळी यंत्रणा बदलावी लागते. एवढा खर्च करण्यापेक्षा बहुतेक मालक पट्टा काढून टाकतात. आपला नियम ज्या केबिनसाठी आहे, ती तिथे पुन्हा खिडक्या उघड्या ठेवून धावू लागते.

यंत्रणा उघडली की ड्रायर (ओलावा शोषणारा डबा) बदलावा आणि किमान अर्धा तास व्हॅक्यूम ओढावा, म्हणजे पंपाने आतली हवा काढून टाकावी, हे या कामातले पहिले धडे आहेत, कारण आत राहिलेली हवा दाब वाढवते आणि ओलावा तेलात आम्ल तयार करतो. हे धडे वर्गात सगळ्यांना पाठ होते. दुकानात त्या अर्ध्या तासाचे पैसे कोणी देत नाही. चालकाला लोडिंगचा नंबर गाठायचा असतो, आणि पैसे देणारा मालक फोनवर 'एसीने ॲव्हरेज पडतो' अशी तक्रार करत असतो. याहून गंभीर बाब गळती तपासण्याची आहे. त्यासाठी यंत्रणेत दाबाने नायट्रोजन भरायचा असतो. त्याचा सिलिंडर नसला की टायरच्या दुकानातली हवा भरली जाते, क्वचित शेजारच्या वेल्डिंगवाल्याचा ऑक्सिजनही. दाबाखालील हवेत मिसळलेला आर-१३४ए पेट घेऊ शकतो, आणि तेल असलेल्या यंत्रणेत दाबाने ऑक्सिजन सोडणे हे स्फोटाला आमंत्रण आहे.

मंत्रालयांमधली एक गाठही येथे सुटलेली नाही. आर-१३४ए चा तापमानवाढीवरील परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या १,४३० पट मानला जातो, म्हणजे हवेत सोडलेला एक किलो गॅस सुमारे १.४ टनांइतका पडतो. अशा वायूंचा वापर घटवण्याच्या आंतरराष्ट्रीय कराराला, म्हणजे किगाली दुरुस्तीला, भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली. त्यानुसार आपल्याकडील या वायूंच्या वापराची पायाभूत पातळी २०२४ ते २०२६ या वर्षांवरून ठरते, २०२८ पासून त्यावर मर्यादा येते आणि २०३२ पासून कपात सुरू होते. ज्या काळात आपल्या नियमामुळे लाखो नव्या केबिनना या गॅसची गरज लागणार, त्याच काळात तो जपून वापरायचा आहे. जुना गॅस खेचून घेऊन, गाळून पुन्हा भरणारी रिकव्हरी मशीन वाडी आणि कापसी या आपल्या दोन्ही ट्रान्सपोर्ट वस्त्यांमधल्या रस्त्याकडेच्या दुकानांत मी तरी पाहिलेली नाही. नळी सोडली की गॅस फुस्स करून हवेत जातो. अमेरिकेत गाड्यांच्या एसीचे काम पैसे घेऊन करणाऱ्या मेकॅनिकला प्रमाणपत्र आणि अशी मशीन कायद्याने लागते. आपल्याकडे मार्च २०१९ च्या भारत शीतकरण कृती आराखड्यात एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण व प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट होते, परंतु त्या विचारात घरचा आणि दुकानाचा एसी पुढे राहिला, ट्रक मागे.

फिटनेस तपासणीत एसी सुरू आहे का ते पाहावे, अशी सूचना आपल्याकडे येईल. मला ती अपुरी वाटते, कारण त्या दिवसापुरता डबा टोचून आणणे कोणालाही जमते आणि दंडाचा भार शेवटी चालकाच्या खिशावर येतो. त्यापेक्षा गॅसचा प्रकार, त्याचे ग्रॅममधील वजन आणि तेलाचा प्रकार दाखवणारी न पुसणारी पट्टी केबिनच्या आत, दाराच्या चौकटीवर, मराठी-हिंदीसह लावण्याची सक्ती निर्मात्यावर करावी. गॅस भरण्याच्या प्रत्येक पावतीवर काढलेल्या आणि भरलेल्या गॅसचे वजन, तसेच गळती कुठे सापडली, हे लिहिणे बंधनकारक असावे. मालकाने ही पावती जपली, तर पुढच्या मेकॅनिकला अंधारात चाचपडावे लागणार नाही.

यंत्रांचा खर्च रस्त्याकडेच्या दुकानदाराला एकट्याला झेपणार नाही. म्हणून वाडी आणि कापसी येथे प्रत्येकी एक सामाईक केंद्र उभारावे, जिथे रिकव्हरी मशीन, वजनकाटा, नायट्रोजन आणि व्हॅक्यूम पंप तासाच्या भाड्याने मिळतील. समृद्धी महामार्गाच्या शिवमडका टोकाला आणि पेट्रोलपंपांवर ट्रकचालकांसाठी उभ्या राहिलेल्या 'अपना घर' विश्रांतिस्थानांत हीच सोय नंतर नेता येईल. चालक झोपलेला असताना व्हॅक्यूमचा अर्धा तास कोणाला जड जाणार नाही. आज हे काम करणाऱ्या मुलांना दुकान बंद करून सहा महिन्यांच्या वर्गात बसवू नये. त्यांच्या हातात कसब आहे. पूर्वानुभवाला मान्यता देणारे थोड्या दिवसांचे संध्याकाळचे वर्ग आणि त्यानंतर प्रमाणपत्र एवढे पुरेल, आणि असे वर्ग घ्यायला माझ्यासारखे निवृत्त निदेशक नागपुरात आनंदाने येतील.

नव्या नियमाखाली विकल्या गेलेल्या पहिल्या गाड्यांची वॉरंटी संपली की त्या अधिकृत वर्कशॉप सोडून याच दुकानांवर येऊ लागतील. त्याआधी पर्यावरण व कौशल्य विकास मंत्रालयांसोबत याविषयी बैठक घ्यावी आणि तिला वाडी-कापसीच्या मेकॅनिकांना व चालकांनाही बोलवावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिल्प निदेशक,
नागपूर