ईशानच्या ऑपरेशनची तारीख

चि. सौ. केतकी,
अनेक आशीर्वाद.

ईशानच्या टॉन्सिलच्या ऑपरेशनची तारीख तू रद्द केलीस हे मला प्रशांतरावांकडून कळलं. तेही मी विचारलं म्हणून, त्या दिवशी मुलुंडला डबा किती वाजता घेऊन येऊ असं. बिचारे अडखळले. त्यांना वाटलं, मला माहीत असेल. मग तुला फोन केला आणि पुढे आपलं जे झालं ते झालं. फोनवर माझा आवाज चढतो आणि तू माझीच मुलगी आहेस. म्हणून कागद घेतला. शेजारची श्रेया फोटो काढून तुला पाठवेल. अक्षर लागलं नाही तर तिलाच विचार, माझ्या औषधांच्या याद्या तीच वाचते.

आधी हे सांगते की तारीख रद्द केलीस याचा राग नाही. खरंच नाही. आपल्या पोराच्या घशात कोणी हत्यार घालणार म्हटल्यावर कुठल्याही आईचा हात सहीला आखडतो, आणि तू तर चार ठिकाणी वाचून, दोन डॉक्टरांना भेटून, वहीत प्रश्न लिहून नेणारी. आमच्या वेळी असा प्रश्न विचारणारी आई ओपीडीत आली की आम्ही सिस्टर लोक एकमेकींकडे बघायचो, आली कटकट म्हणून. आता माझीच लेक तशी आहे आणि मी लालबागभर सांगत फिरते.

तू पाठवलेलं सगळं वाचलं. न्यूयॉर्कच्या हजार मुलांचं तर परत परत वाचलं. 1934 साल, शाळेतली अकरा वर्षांची 1000 मुलं, त्यातल्या 611 जणांचे टॉन्सिल आधीच काढलेले. उरलेली 389 डॉक्टरांना दाखवली तर ते म्हणाले, 174 जणांचे काढायला हवेत. राहिलेली 215 दुसऱ्या डॉक्टरांना दाखवली, त्यांनी 99 निवडली. त्यातून सुटलेली 116 तिसऱ्यांकडे नेली, तिथेही 51 जणांना ऑपरेशन सांगितलं. दर वेळी निम्म्याच्या आसपास! तू खाली हसणारा चेहरा टाकला होतास. मला हसू नाही आलं. मला ते डॉक्टर दिसले. वाईट नसणार ते. समोर रांग, "आ कर" म्हणायचं, टॉर्च मारायची, पुढचा. रांगेतल्या काहींचे मोठे असणारच अशी नजर बसून जाते. आमच्या ऑपरेशन थिएटरातही मे महिन्यात अशीच रांग असायची. "मोठ्याचे काढताय तर धाकट्याचेही काढून टाका, परत रजा कुठे मिळणार" म्हणणारे बाप मी पाहिलेत, आणि त्या धाकट्याला टेबलावर घेतलेलंही पाहिलंय.

तिथेच थांबली असतीस तर बरं झालं असतं. पण तू लिहिलंस, "माझे काढताना तू काय मोजलं होतंस?"

मोजलं होतं गं. बाबांच्या डेपोच्या डायरीत आहे सगळं, ड्युटीच्या वेळांशेजारी बारीक अक्षरात "केतू ताप". पावसाळाभर आहे. तू पाठवलेला तो 1984 चा पिट्सबर्गचा अभ्यास घेऊन मी डायरी उघडून बसले. वर्षात सात वेळा घसा धरला, किंवा दोन वर्षं दर वर्षी पाच वेळा, किंवा तीन वर्षं दर वर्षी तीन वेळा, असं असेल तरच त्या मुलाला अभ्यासात घ्यायचं. शिवाय दर वेळचा ताप, पू, गाठी हे लिहून ठेवलेलं हवं. आता बाबांनी फक्त ताप लिहिलाय. घशाचा की साध्या पडशाचा, देव जाणे. त्या अभ्यासात ज्यांचे काढले त्यांना पुढची दोन वर्षं फायदा झाला, पण ज्यांचे नाही काढले त्यांच्यातल्याही बऱ्याच जणांचा त्रास आपोआप कमी झाला. तुझाही झाला असता कदाचित. नसताही झाला. यावर मी तुला आज काय सांगू?

त्या रात्रीचं मात्र सांगते, कारण ते तुला आठवत नाही. तुला आठवतं ते आइस्क्रीम. दिवसभर माझी ड्युटी त्याच वॉर्डात होती आणि रात्री तुझ्या खाटेशी. टॉन्सिलच्या पोराला रक्त येत असेल तर ते तोंडातून येईलच असं नाही. पोर झोपेतच गिळत राहतं. म्हणून चेहऱ्याकडे नाही, गळ्याकडे बघायचं, सारखं सारखं गिळतंय का. हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये घोटून घेतलं होतं आणि मी दुसऱ्यांच्या पोरांबाबतीत ते न घाबरता केलं होतं. तुझा गळा बघताना मला प्रत्येक वेळी गिळल्यासारखं वाटायचं. माई आत्या म्हणाली, तू झोप, मी बघते. तिला कसं सोपवणार?

असो. विषय तुझा नाही, ईशानचा आहे.

केतकी, हजार मुलांचं काय किंवा पिट्सबर्गचं काय, ते घसा धरण्याबद्दल आहे. ईशानचा घसा कधी धरतो? क्वचित. त्याला डॉक्टरांनी सांगितलंय ते रात्रीच्या श्वासासाठी. ऑपरेशन तेच, पण प्रश्न निराळा, आणि तू एकाची उत्तरं दुसऱ्याला लावते आहेस असं मला वाटतं. मे महिन्यात तो माझ्याकडे झोपायचा तेव्हाचं तुला सांगितलं होतं. घोरतो, ते सोड, बाबाही घोरायचे. पण मध्येच घोरणं थांबतं. छाती आत ओढली जाते, पोट हलतं आणि नाकाशी बोट धरलं तर वारा नाही. मग एकदम हबकून श्वास घेतो, कूस बदलतो, मान मागे टाकून तोंड उघडं ठेवून परत झोपतो. चादर घामाने ओली. कधी नुसत्या घामानेही नाही, आणि त्याबद्दल त्याला ओरडू नकोस, तेही यातच येतं. सकाळी किरकिरतो ते लाडाने नाही.

रात्री त्याच्याजवळ कोण झोपतं?

तू म्हणालीस ऑक्सिमीटर लावला, 97 आला. कधी लावलास? टीव्हीसमोर. जागेपणी 97 असणारच.

आता तुझा तो तिसरा अभ्यास, ज्याच्यावरून तू तारीख रद्द केलीस. अमेरिकेतला, 2013 चा, पाच ते नऊ वर्षांची 464 मुलं, सगळी झोपेत श्वास अडकणारी. निम्म्यांचं ऑपरेशन लवकर, निम्म्यांना सात महिने लक्ष ठेवून थांबवलं. तू मला त्यातलं एवढंच पाठवलंस की लक्ष देण्याच्या चाचणीत दोन्ही गटांत म्हणावा असा फरक पडला नाही. बरोबर आहे. पुढचं मी श्रेयाकडून वाचून घेतलं. ऑपरेशन झालेल्यांची झोप, वागणूक, दिवसाची तब्येत सुधारली. रात्रीची तपासणी नॉर्मल आली ती त्यांच्यातल्या 79 टक्क्यांची. थांबलेल्यांतही 46 टक्क्यांची आली. हा 46 चा आकडा तुझ्या बाजूचा आहे. मी लिहिला नसता तरी तू तोंडावर फेकला असतासच, म्हणून आधीच लिहिते. जवळजवळ निम्मी मुलं काही न कापता सुधारली, हे लहानसहान नाही.

पण ती मुलं नुसती थांबली नव्हती. प्रत्येकाची आधी रात्रभराची तपासणी झाली होती, आणि ज्यांचा ऑक्सिजन झोपेत बराच वेळ खाली राहत होता त्यांना अभ्यासात घेतलंच नव्हतं. ईशानला त्यांनी घेतलं असतं की दारातूनच सर्जनकडे पाठवलं असतं? तुला माहीत नाही, मला माहीत नाही, आणि खरं सांगू, तारीख देणाऱ्या डॉक्टरांनाही माहीत नाही, कारण त्यांनीही टॉर्च मारूनच सांगितलं. स्लीप स्टडी, म्हणजे तीच रात्रभराची तपासणी, कोणीच केलेली नाही. ती कर. एक रात्र तारा लावून झोपायचं, टोचाटोची नाही. त्यानंतर तू थांब म्हणालीस तर मी थांबेन. तोंडसुद्धा उघडणार नाही.

बघ, झालं लेक्चर सुरू. हे वाचून तू डोळे फिरवणार ते मला इथे दिसतंय. माफ कर. नोकरी सुटली तरी राऊंड सुटत नाही.

एक मात्र त्या अभ्यासातलं डोक्यातून जात नाही. मुलाचं ऑपरेशन आत्ता करायचं की थांबायचं, हे तिथल्या आईबापांनी नशिबावर सोडलं. चिठ्ठी निघाली तसं. 464 घरांनी! मी केलं नसतं. पोलिओच्या बूथवर उभी राहून मी दुसऱ्यांच्या मुलांना हक्काने थेंब पाजले, पण माझ्या पोरीचं चिठ्ठीवर सोडा म्हटलं असतं तर उठून आले असते. आणि तरी त्या बायकांनी हो म्हटलं म्हणून आज तुझ्यामाझ्या भांडणात आकडे तरी आहेत.

तुझ्या कोर्सात तू काय शिकलीस ते मला एकदा दादरहून येताना सांगितलं होतंस, रिटोव्ह आणि बॅरन म्हणून दोघा संशोधकांचं, 1990 चं. लोकांना विचारलं, एका आजाराने दहा हजारांत दहा मुलं दगावतात, लशीने आजार टळेल पण लशीमुळेच काही मुलं दगावतील, त्या दहांहून कमी. द्याल का? तर बऱ्याच जणांनी नको म्हटलं. आपल्या हातून नको, काहीही न करता जे होईल ते होवो. मला तेव्हा ते फार निर्दय वाटलं होतं. आता वाटतं, आमच्या वॉर्डात रोज तेच चालायचं. ऑपरेशनला फॉर्म असतो, त्यावर धोके छापलेले असतात, सही करावी लागते. न करण्याचा फॉर्म नसतो. ते कोणी छापत नाही, त्यावर तारीख पडत नाही, म्हणून ते ठरवलंय असंच वाटत नाही. तू फोन करून तारीख रद्द केलीस, तो निर्णय होता, केतकी. चूक म्हणत नाही. पण निर्णय होता आणि तो तू एकटीने घेतलास, प्रशांतरावांनाही संध्याकाळी सांगितलंस.

नाकातल्या स्प्रेचं तुझ्या सासूबाईंनी स्टिरॉइड म्हणून बंद करवलं, त्यावरून विहीणबाईंशी वाद नको. मेलबर्नला एका अभ्यासात 276 मुलांना सहा आठवडे स्प्रे दिला, काहींना स्टिरॉइडचा, काहींना नुसत्या मिठाच्या पाण्याचा. त्रास गेला तो 44 आणि 41 टक्क्यांचा, म्हणजे सारखाच. तेव्हा मिठाच्या पाण्याचा सुरू कर, त्याही खूश होतील. तुमच्या बिल्डिंगशेजारी खोदकाम चाललंय तोवर खिडकी बंद ठेव. रात्री तरी ठेव.

आणि ईशानला विचार. तुला कोणी विचारलं नाही हे तू इतकी वर्षं धरून आहेस, हे मला त्या दिवशीच कळलं. आता मुलांवर संशोधन करायचं तर सात ते बारा वर्षांच्या मुलाचा तोंडी होकार घ्यावा असं आयसीएमआरने, म्हणजे आपल्या सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, 2017 मध्ये लिहून ठेवलंय. साध्या ऑपरेशनला असा नियम नाही, सही आईबापाचीच. पण त्याला सातवं लागायला आता किती राहिलंय? त्याच्या भाषेत सांग. मला तर त्याने विचारलंय, "आजी, घशातला बॉल काढला की तो मला देणार का?" मी म्हटलं, डॉक्टरांना विचारू. तुला हे त्याने सांगितलं नसेल. तू रडतेस म्हणे तो विषय निघाला की.

भूल देण्याची भीती मला नाही असं समजू नकोस. तुझ्याहून जास्त आहे, कारण मी त्या दाराच्या आतल्या बाजूला उभी राहिले आहे. श्वास अडकणाऱ्या मुलांना भुलीनंतर रात्रभर जास्त जपावं लागतं. म्हणून तर म्हणते, ऑपरेशन करायचं ठरलं तरी स्टडीचा कागद भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या हातात आधी हवा, आणि ज्या हॉस्पिटलात रात्री मुलांकडे बघणारं कोणी असेल तिथेच करायचं. घरी सोडल्यावरही पाचव्या ते दहाव्या दिवसांत रक्त येऊ शकतं. तेव्हा मी मुलुंडला येऊन राहीन, विचारून येईन.

रात्री त्याच्याजवळ कोण झोपतं, तो प्रश्न परत विचारणार नव्हते. पण तुम्ही त्याला त्याच्या खोलीत एकटं झोपायची सवय लावताय असं त्यानेच सांगितलं, कार्टूनच्या चादरीचं कौतुक करताना. तपासणी होईपर्यंत तुमच्यातच घ्या. मोठा झालाय वगैरे नंतर बघू. उशी जरा उंच.

स्टडी कुठे होते ते माझ्या जुन्या मेट्रनबाईंना विचारलंय, त्यांची भाची त्याच विभागात आहे. मंगळवारपर्यंत नंबर मिळेल, तो प्रशांतरावांना पाठवते. तुला पाठवला तर तू उघडणार नाहीस.

तुझी,
आई

ता. क. तोवर झोपेतला व्हिडिओ काढून ठेवा. पहाटेचा काढा, तेव्हा जास्त अडकतं. अंधार असला तरी चालेल, छाती दिसेल एवढा उजेड आणि आवाज हवा. पंखा बंद करून.