मिरजेहून आफ्रिकेत सेवेला जाताना

संपादक महाशय,

केनिया, युगांडाकडे दोन-तीन आठवडे आरोग्यसेवेला जाऊ पाहणाऱ्या इथल्या ख्रिस्ती मंडळींसाठी हे पत्र. प्रार्थनेची तयारी महिनोन् महिने चालते, पीतज्वराची (यलो फीवरची) लस मात्र शेवटच्या आठवड्यात आठवते. ती सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि तिचा दाखला म्हणजे पिवळे कार्ड लस घेतल्यावर १० दिवसांनी ग्राह्य होते. कार्ड नसेल, तर परतताना भारतात ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते. गरोदर स्त्रिया, अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेले आणि साठी ओलांडलेले यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

हिवताप टाळण्यासाठी डॉक्सिसायक्लिन दिले असेल, तर निघण्याआधी १-२ दिवस सुरू करून परतल्यावरही ४ आठवडे रोज घ्यायचे असते. गफलत इथेच होते. घरी आलो, ताप नाही, म्हणून गोळी बंद! पण यकृतात दडलेले जंतू नंतर रक्तात उतरतात आणि तेव्हा अंगात औषध नसते. गोळी भरपूर पाण्याबरोबर घ्यावी, लगेच आडवे होऊ नये. अन्ननलिकेला जखम होते. पुढच्या काही महिन्यांत ताप आला, तर डॉक्टरांना आफ्रिकेचा प्रवास पहिल्या वाक्यात सांगावा.

पर्यटक म्हणून जाऊन रुग्ण तपासता येत नाहीत. डॉक्टरांना तिथली तात्पुरती नोंदणी लागते, आणि ती यजमान मंडळीमार्फतच सुरू करावी.

सर्वांत कळकळीने सांगायचे ते रक्तदाब-मधुमेहाच्या रुग्णांबद्दल. १५ दिवसांच्या गोळ्या वाटून आपण परततो. सोळाव्या दिवशी त्या माणसाने काय घ्यायचे? जवळच्या दवाखान्यात कायम मिळणारी गोळी आधी विचारून घ्यावी, तीच लिहावी आणि तपासणीची नोंद तिथेच ठेवावी. मिशनरी डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू केले, इथल्याच मुलांना वैद्यक शिकवले. म्हणून ते काम त्यांच्यामागेही चालले. तुम्हीही निदान दोन दुपारी आफ्रिकेतल्या त्या दवाखान्यातील परिचारिकांसोबत शिकण्या-शिकवण्यासाठी राखून ठेवा.

दुभाषी असेल तर २० मिनिटांचा उपदेश ४० मिनिटे चालतो. अर्धाच लिहून न्यावा, एकेका वाक्यावर थांबावे. आणि ग्लुकोमीटर (रक्तातली साखर मोजायचे यंत्र) भेट देणार असाल, तर त्याच्या पट्ट्या त्याच गावात विकत मिळतात का, हे आधी पाहा. नाहीतर डबी संपली की यंत्र कपाटात जाते.

— मंडळीचे काही सभासद, मिरज (जि. सांगली)