तान्ह्याची ऊब

सदाशिव पेठ, पुणे
८ जानेवारी

चि. मृणाल हिस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, "आई, पाषाणला एवढा गारठा आहे, पण बाळ एकदाही कुडकुडलं नाही, म्हणजे त्याला थंडी वाजत नसणार." इतकी वर्षे शरीरक्रियाशास्त्र शिकवलेल्या मला ते ऐकून राहवले नाही, आणि फोनवर नीट सांगता येईना, म्हणून हे पत्र.

तान्हे बाळ सहसा कुडकुडत नाही. ते तपकिरी मेद, म्हणजे ऊब देणारी एक खास चरबी, जाळून ऊब निर्माण करते. तेल लावताना त्याच्या खवाट्यांच्या मधोमध हात टेकवून पाहा. त्या नाजूक कातडीखाली, तसेच मानेभोवती आणि मूत्रपिंडांजवळ हा मेद असतो. त्याच्या पेशींत लोहयुक्त प्रथिने असलेल्या तंतुकणिकांची, म्हणजे पेशीतल्या सूक्ष्म ऊर्जाघरांची, इतकी दाटी असते की तपकिरी रंग येतो तो त्यामुळेच.

एरवी अन्नाच्या ज्वलनातून मिळालेल्या शक्तीने तंतुकणिकेच्या आतल्या पटलापलीकडे प्रोटॉन, म्हणजे धनभारित सूक्ष्म कण, ढकलले जातात आणि ते परतताना एटीपी हे पेशीला शक्ती पुरवणारे द्रव्य तयार होते, जसे पानशेत धरणाचे पाणी जनित्रावरून सोडले की वीज तयार होते. तपकिरी मेदात मात्र त्याच पटलात युसीपी-१ नावाचे प्रथिन असते. ते प्रोटॉनना जनित्र टाळून परतण्याची वाट देते आणि ती शक्ती उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. एरवी पेशीतले एटीपीच या प्रथिनाला चिकटून ही वाट अडवून धरते. गारठा जाणवला की मेंदूच्या आज्ञेने चेतातंतूंतून नॉरअॅड्रेनॅलिन हे संदेशद्रव्य स्रवते, पेशीतले प्रथिन कायनेज ए हे विकर कामाला लागते, साठवलेल्या मेदातून मेदाम्ले सुटी होतात, आणि तीच मेदाम्ले इंधन म्हणून जळतात व युसीपी-१ लाही चालू करतात. हे शिकवताना मला दरवर्षी नव्याने आश्चर्य वाटे. डुकरांत या प्रथिनाचा जनुक निकामी झालेला आहे, म्हणून त्यांच्या पिल्लांना कुडकुडूनच ऊब मिळवावी लागते.

पण या उबेसाठी प्राणवायू आणि अंगातला साठा खर्च होतो, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाकडे तो कमीच असतो. आपले बाळ पस्तिसाव्या आठवड्यात जन्मले, म्हणून माझा जीव खालीवर होतो. त्याच्या कुडकुडण्याची वाट पाहू नकोस. पोट उबदार पण तळपाय गार लागले, तर त्याला उघड्या अंगाने छातीशी घे, वरून दुपटे पांघर आणि पाज. दोन्ही गार लागले, तर त्याला तसेच छातीशी धरून लगेच डॉक्टरांकडे ने. आंघोळ उन्हे वर आल्यावरच घाल.

रविवारी मी येतेच आहे. लोकरीचे मोजे विणून झाले आहेत.

तुझी,
आई