पुस्तकसूचीच्या चकरीबद्दल, ताईंचे आभार

प्रिय ताई,

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही ‘अहो, त्यात काय एवढं’ म्हणून विषय बदलता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय, आता मध्येच तोडता यायचं नाही.

आमच्या वाचनालयाची पुस्तकसूची आता छान चालते. ‘कथा’ दाबलं की वरची पाटी आणि शोधाची चौकट जागच्या जागी राहतात, फक्त खालची यादी बदलते. फेच, म्हणजे पान पुन्हा न उघडता सर्व्हरकडून माहिती मागवायची ब्राउझरची सोय, वापरून एवढं करणं कुठल्याही धड्यात सापडतं. त्याच्या पुढचं मात्र तुम्हीच शिकवलंत, आणि तेही आयता कोड हातात न देता.

पहिली गोष्ट चकरीची, म्हणजे माहिती येईपर्यंत गोल फिरणाऱ्या चिन्हाची. ती लगेच दाखवायची नाही, हे तुमचं पहिलं वाक्य. सर्व्हरचं उत्तर पटकन आलं तर चकरी नुसती लुकलुकते आणि पान उगाच धडपडल्यासारखं वाटतं. आता आम्ही ३०० मिलिसेकंद थांबतो, तोवर उत्तर आलं तर चकरी दिसतच नाही. वेबसाइटच्या वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नीलसन यांनी १९९३ मध्ये मांडलेली मर्यादाही तुम्हीच सांगितलीत: एका सेकंदापर्यंत माणसाची तंद्री मोडत नाही, दहा सेकंदांनंतर तो दुसरीकडे वळतो.

चकरीनंतर राखाडी पट्ट्या आल्या, यादी येईपर्यंत तिच्या जागी दिसणाऱ्या. खऱ्या ओळीइतक्याच उंचीच्या, मुखपृष्ठाची जागा आधीच राखलेल्या. पूर्वी आजोबा एका पुस्तकावर बोट टेकवायचे, तेवढ्यात वरचं चित्र उतरायचं, यादी खाली सरकायची आणि भलतंच पुस्तक उघडायचं. तो त्रास या पट्ट्यांनी संपला. यादी उलगडताना तिची उंची हलवायची नाही, फक्त ओपॅसिटी (पारदर्शकता) आणि ट्रान्सफॉर्म (दिसायची जागा किंवा आकार) बदलायचे, हेही तेव्हाच कळलं. उंची बदलली की ब्राउझरला दर चौकटीला, म्हणजे पडद्यावर उमटणाऱ्या प्रत्येक फ्रेमला, सगळी मांडणी पुन्हा मोजावी लागते, आणि सेकंदाला ६० चौकटी म्हटलं तर एकीच्या वाट्याला जेमतेम १६.७ मिलिसेकंद येतात. महागड्या फोनवर फरक जाणवत नाही, आमच्या वाचकांच्या जुन्या फोनवर लगेच जाणवतो.

पण सगळ्यात मोठे उपकार वेगळेच. कोणी ‘कथा’ दाबून लगेच ‘चरित्र’ दाबलं आणि कथांचं उत्तर रेंगाळत मागून आलं, तर चरित्राच्या मथळ्याखाली कथा दिसतात. नवा विषय निवडला की आधीची मागणी अबॉर्टकंट्रोलरने, म्हणजे चालू मागणी थांबवणाऱ्या ब्राउझरच्या सोयीने, रद्द करायची, हे तुम्ही सांगितलंत. वर बजावलंत की रद्द झालेली मागणीही कॅचमध्ये, म्हणजे चूक हाताळणाऱ्या कोडमध्ये, येते, तिला बघून ‘नेटवर्क नाही’ असं ओरडू नका. आणि चकरी फायनलीमध्ये, म्हणजे यश येवो वा अपयश, शेवटी चालणाऱ्या कोडमध्ये, बंद करताना ती मागणी अजून चालू आहे का ते तपासा, नाहीतर जुनी मागणी जाता जाता नव्या मागणीची चकरी विझवेल. हे मला एरवी कोणी सांगितलं असतं? ४०४, म्हणजे ‘सापडलं नाही’ असं उत्तर, आलं तरी फेच त्याला अपयश मानत नाही, उत्तर नीट आलं का हे सांगणारं ‘ओके’ आपणच बघायचं, तेही ओघात सांगून गेलात.

मागे जायचं बटण दाबल्यावर आधीचा विषय परत दिसावा म्हणून ब्राउझरच्या इतिहासात नोंद करणारं पुशस्टेट आणि मागे गेल्याचं कळवणारं पॉपस्टेट लावले, त्याबद्दल फार लिहीत नाही. आमचे एक वाचक टॉकबॅकवर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या अँड्रॉइडच्या सोयीवर, ऐकून सूची वापरतात. पानात बदललेला मजकूर वाचून दाखवायला सांगणारी एरिया-लाइव्ह ही खूण लावल्यापासून ‘बारा पुस्तकं सापडली’ हे त्यांना आपोआप ऐकू येतं. ज्यांना हलत्या गोष्टींनी गरगरतं त्यांनी फोनमध्ये तशी सोय चालू केली असेल, तर पट्ट्या स्थिर राहतात.

‘हे सगळं नवीनच आहे का?’ असं मी विचारलं तेव्हा तुम्ही हसलात. मायक्रोसॉफ्टने वेबवरच्या आउटलुक मेलसाठी केलेली, पान पुन्हा न उघडता माहिती मागवायची सोय १९९९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ५ मधून आली, आणि वेब डिझायनर जेसी जेम्स गॅरेट यांनी या पद्धतीला ‘एजॅक्स’ हे नाव दिलं ते २००५ मध्ये. म्हणजे आमच्या काही वाचकांपेक्षाही हे जुनं!

खाली सरकवत गेलं की पुस्तकं आपोआप येत राहावीत, असा आमच्या समितीचा आग्रह होता. तसं केलं तर तळाशी असलेली वाचनालयाची वेळ आणि फोन नंबर कोणाच्या हाती लागणार नाहीत, हा तुमचा मुद्दा मी बैठकीत जसाच्या तसा मांडला आणि तो मान्य झाला. ‘आणखी दाखवा’ हे बटण काल बसवलंय. सवडीने तुमच्या फोनवर बघा आणि काय खटकतंय ते कळवा.

आपला,
सूचीचं काम बघणारा