खडकीच्या इतिहासात खाणकामगारालाही जागा हवी

माननीय संपादक,

स.न.वि.वि.

मुलीकडे इंग्लंडला गेलो असताना डरहम भागातल्या एका लहान गावाचे संग्रहालय पाहण्यात आले. एका दालनात कोळशाची खाण, दुसऱ्यात पलटण. मला खरी ओढ बंदुकांची, पण पाय थबकले ते पितळी बिल्ल्यांच्या फळ्यापाशी. खाणीत उतरताना प्रत्येकाच्या नावावर नंबराचा बिल्ला. दुर्घटना झालीच, तर खाली कोण अडकले आहे ते बिल्ल्यांवरून कळायचे. कडा झिजून गुळगुळीत झालेल्या. शेजारी पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांची यादी होती आणि आडनावे बरीचशी तीच. शत्रूच्या खंदकाखाली भुयार खणायला लष्कराला खाणीतलेच हात लागत. जून १९१७ मध्ये बेल्जियममधल्या मेसीनला अशा भुयारांत पेरलेले १९ प्रचंड सुरुंग उडवले गेले.

तिथे मला आपली खडकी आठवली. खडकीत मुख्य ठाणे असलेल्या 'बॉम्बे सॅपर्स' या लष्कराच्या अभियंता दलाच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ रोजी फ्रान्समध्ये नव्ह शापेलच्या हल्ल्यात उतरल्या आणि त्यांची भयंकर हानी झाली. याच दलाचे रामा राघोबा राणे यांनी एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग काढून रणगाड्यांना वाट करून दिली आणि परमवीरचक्र मिळवले. हे सगळे लष्कराने जपले आहे, पण ते पलटणीच्या नजरेतून. गावाची नजर त्यात कुठून येणार?

ज्या काळ्या दगडावर पुणे उभे राहिले, तो पहार आणि सुतकीने (जड हातोड्याने) फोडणाऱ्या वडार कुटुंबांचे नाव कोणत्या पाटीवर आहे? वाघोली-मोशीच्या खाणींकडे आपण पाहतो ते फक्त धूळ उडाली की! आणि १८६९ पासूनच्या दारूगोळा कारखान्यात पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्यांच्या घरी जुने पास, बिल्ले, डब्याच्या पिशव्या माळ्यावर पडून असतील. घर पुनर्विकासाला गेले की ते भंगारात जातात.

महापालिका आणि खडकी कॅन्टोन्मेंटने मिळून अशा संग्रहालयासाठी एखादी रिकामी खोली द्यावी. इमारत, उद्घाटन, कोनशिला नंतर बघू. वस्तू लोक आणून देतील, फक्त कोणी काय दिले याची नोंद नीट ठेवावी आणि पाट्या आधी मराठीत लिहाव्यात. माझ्याकडे वडिलांचा कारखान्याचा पास आहे, तो द्यायला मी तयार आहे.

आपला,
एक वाचक, खडकी, पुणे